कोपरा दबलेलं कार्ड

हॅरोज फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर १९९१

प्रिय ओरिन,

अनोळखी अक्षर बघून तू आधी पान उलटून सही कोणाची ते बघशील, म्हणून वरच सांगून टाकते. मी व्हर्ना. तुझ्या काकाची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी एडिथ आत्याच्या अंत्यविधीला आपण समोरासमोर आलो होतो. तू हवेबद्दल बोललास, मी सँडविचबद्दल, आणि दोघंही सुटलो.

काम आहे म्हणून लिहिते आहे, उगाच माया दाखवत नाही. लाईलला जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दोन-तीन शब्द उरलेत, त्यातला ‘नाही’ हा सगळ्यात ठणठणीत. बायको-मुलं त्याला नाहीत हे तुला माहीत आहे, तेव्हा भावाला मी माझ्याकडे आणलं. त्याची खोली रिकामी करताना सिगारच्या एका डब्यात बेसबॉलचं जुनं कार्ड सापडलं. डच रेमर्ली, पिवळी पार्श्वभूमी, खांद्यावर बॅट. चघळायच्या गोळीबरोबर एका सेंटला मिळायचं ना, तसलं.

शेजारचा गार्थ म्हणतो, आजकाल लोक असल्या कार्डांपायी घर गहाण टाकतात. गार्थ काहीही म्हणतो. पण तुझी जाहिरात मी ग्रंथालयातल्या मासिकात बघितली, ‘जुन्या कार्डांची पारख, तीस वर्षांचा अनुभव’. म्हटलं, घरचाच पारखी असताना गार्थला कशाला विचारा. याची किंमत काय येईल?

तुझी बहीण,
व्हर्ना

•

डेटन, ओहायो
१४ सप्टेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

ती सँडविचं खरंच वाईट होती.

लाईलचं ऐकून वाईट वाटलं. तू त्याला घरी आणलंस हे बरं केलंस. तुझ्याकडून दुसरं काही अपेक्षितही नव्हतं.

आता कार्डाचं. आमच्या धंद्यात खेळाडूचा चेहरा शेवटी बघतात, आधी कोपरे बघतात. एकाच दिवशी एकाच छापखान्यातून निघालेली दोन कार्डं असतात. एक चाळीस डॉलरला जातं, दुसऱ्यासाठी माणसं चार हजार घेऊन दारात उभी राहतात. फरक फक्त कोपऱ्यांचा. म्हणून चांगल्या उजेडात बस आणि मला एवढं कळव: चारही कोपरे टोकदार आहेत का? चित्राभोवतीची पांढरी कड चारही बाजूंना सारखी आहे का? कुठे घडी? गोळीचा डाग? आणि मागच्या बाजूला छापलेल्याशिवाय काही आहे का?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. काही पुसू नकोस, काही कापू नकोस. गेल्या महिन्यात एका बाईंनी नवऱ्याचं कार्ड नीटनेटकं दिसावं म्हणून चारही कडांवरून कात्री फिरवून आणली. किती छान सरळ कापलंय ते मला कौतुकानं दाखवत होत्या. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, मगच किंमत सांगितली.

रेमर्लीचं कार्ड १९३४ चं. त्या वर्षी ते बऱ्याच मुलांकडे होतं.

लाईल त्याबद्दल काही म्हणतो का? म्हणजे, त्याला काही सांगता येतं का?

तुझा,
ओरिन

•

हॅरोज फोर्ड
१९ सप्टेंबर १९९१

प्रिय ओरिन,

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून, शिवणकामाची पट्टी आणि नातीचं भिंग घेऊन तपासलं. कड तीन बाजूंना सारखी, वर जरा कमी. घडी नाही. गोळीचा डाग मागे, दाण्याएवढा. वरचे दोन कोपरे आणि खाली उजवा, सुईसारखे. खालचा डावा मात्र पार दबलेला. झिजलेला नाही, दबलेला. पुठ्ठ्याचे पदर सुटून फाकलेत, जसं एकदाच काहीतरी जोरात आपटावं.

आणि मागे पेन्सिलीनं दोन अक्षरं आहेत. ओ. एच. ओरिन हॅस्केट.

आता मी साळसूदपणा सोडते. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही ती अक्षरं मी बघितली होती. तुझ्या तोंडून काय निघतं ते बघायचं होतं. ‘ते बऱ्याच मुलांकडे होतं’ असं लिहिलंस. तू फार सभ्य माणूस आहेस.

आपण दोघंही त्या रविवारबद्दल कधी बोललो नाही. मी नऊ वर्षांची होते, तुम्ही दोघं बारा. तुझ्या वडिलांनी, अमोस काकांनी, प्रवचन मध्येच थांबवलं आणि लाईलला सगळ्या मंडळींसमोर उभं केलं. ज्याच्याकडे दुसऱ्याचं आहे त्यानं ते इथेच परत द्यावं, असं म्हणाले. लाईल एवढंच बोलला, “मी चोरलं नाही.” एकदाच बोलला. मग मधल्या वाटेनं चालत दाराबाहेर गेला, तो त्या चर्चमध्ये पुन्हा आला नाही. माझ्या लग्नातही नाही. एकुलता एक सूट घालून मेपलच्या झाडाखाली उभा होता. मी डोक्यावर जाळी घेऊन बाहेर गेले आणि त्याला केक भरवला. पुढे हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवा होता, तर मालकानं लाईलला मागच्या खोलीत खिळे मोजायला बसवलं. गल्ल्यावर नको म्हणाले, सगळ्यांना माहीत आहे. चाळीस वर्षं खिळे मोजले त्यानं, ओरिन.

मी जन्मभर लोकांना ठणकावून सांगत आले की माझा भाऊ खरं बोलला होता. आता कार्ड माझ्या हातात आहे आणि मागे तुझी अक्षरं आहेत. मी काय समजू?

त्याला दाखवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुष्कळ धडपडला आणि एक शब्द काढला, “भिंत.” पुन्हा पुन्हा तोच. मला वाटलं भिंतीची ओल बाधते आहे, म्हणून मी आणि गार्थनं पलंग खोलीच्या मधोमध ओढला. तेव्हापासून आणखीनच चिडतो.

कार्ड रजिस्टर्ड टपालानं पाठवते आहे. ते तुझं आहे. किंमत किती का असेना. बदल्यात एकच मागते. त्याच्या नावानं दोन ओळी लिही, की माफ केलं. तो फार दिवस काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही. हे ओझं छातीवर घेऊन त्यानं जाऊ नये.

व्हर्ना

•

डेटन
३० सप्टेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला. दुकानात हंगामाची गर्दी होती.

तुझं वर्णन एखाद्या पारख्याला शोभेल असं होतं. तो कोपरा नसता तर बाजारात तीन-साडेतीन हजार आले असते. कोपऱ्यामुळे आणि अक्षरांमुळे दोनशेच्या वर जाणार नाही. तेवढ्या रकमेचा चेक पाठवू का? लाईलच्या औषधांना होईल.

तू मागितलेल्या दोन ओळी वेगळ्या कागदावर आहेत. फार जुनी गोष्ट आहे, व्हर्ना. आपण सगळे लहान होतो.

ओरिन

(सोबतचा कागद)
लाईल, माझ्या मनात काही नाही. कधीच विसरलो. तूही विसर. – ओरिन

•

हॅरोज फोर्ड
८ ऑक्टोबर १९९१

प्रिय ओरिन,

चेक पाठवू नकोस. तू तो विचार केलास त्याबद्दल आभार, पण नको.

तुझ्या दोन ओळी मी लाईलला वाचून दाखवल्या. मला वाटलं होतं तो रडेल, मग शांत होईल. त्यानं डाव्या हातानं कागद माझ्याकडून घेतला, नीट बघितला आणि सुपाच्या वाडग्यात बुडवला. मग दोन दिवस जेवला नाही. मी चिडले, त्याला नाही नाही ते बोलले. तुझ्यासारख्या मोठ्या मनाच्या माणसापुढे तरी नमावं, असंही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या टेबलावरच्या पत्त्यांच्या जोडाकडे बोट केलं. पिनॉकल खेळायचा असेल असं वाटलं, म्हणून दिला. त्यानं पलंगावरूनच एकेक पत्ता डाव्या हातानं भिंतीकडे भिरकवायला सुरुवात केली. मी उचलून देते, तो पुन्हा फेकतो. दुपारभर हेच. नर्सबाई त्याला डाव्या हातानं अक्षरं गिरवायला शिकवतात, त्या म्हणाल्या की मेंदूला मार बसला की माणूस असं करतो. नात हसून लोळली.

पण ओरिन, तो नुसता फेकत नव्हता. दोन पत्ते फेकायचा आणि भिंतीच्या जास्त जवळ कुठला पडला ते मला वाकून बघायला लावायचा. मग जवळच्या पत्त्याकडे बोट, आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर. एकदा एक पत्ता भिंतीला टेकून उभाच राहिला. तेव्हा त्याच्या तोंडाची डावी बाजू हसली. जूननंतर पहिल्यांदा. आणि पुन्हा तोच शब्द, “भिंत.”

रात्रभर मी त्या शब्दाचा विचार केला. सकाळी खाली पडलेले पत्ते गोळा केले तर चौकटच्या राणीचा कोपरा दुमडलेला होता. भिंतीवर आपटून.

चर्चच्या मागे तुम्ही मुलं काय करायचात ते आम्हा मुलींना कधी कळू दिलं नाहीत. आम्ही तळघरात कॉफीचे पेले विसळत असायचो. म्हणून तुला विचारते, बहीण म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. तीस वर्षं तू कोपरे बघतो आहेस. जाड पुठ्ठ्याच्या कार्डाचा एकच कोपरा असा कशानं दबतो?

व्हर्ना

•

डेटन
१३ ऑक्टोबर १९९१

प्रिय व्हर्ना,

विटेनं दबतो.

कार्ड हातात आलं त्याच दिवशी मी ते दिव्याखाली धरलं होतं. दबलेल्या पदरांमध्ये अजून लाल भुकटी आहे, भिंगातून दिसते. सत्तावन्न वर्षं तिथेच आहे. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी एका मिनिटात सांगितलं असतं. तुला सांगायला तीन आठवडे लागले, आणि मधे मी तो कागद पाठवला. गर्दीबिर्दी काही नव्हती दुकानात. लिहायचो आणि फाडायचो.

आता सगळं सांगतो. रविवारच्या शाळेनंतर मोठी माणसं तळघरात कॉफी प्यायची, तेव्हा आम्ही चर्चच्या मागच्या भिंतीशी जमायचो. खडूची रेघ मारायची, रेघेवरून भिंतीकडे कार्ड भिरकवायचं. ज्याचं भिंतीच्या सर्वांत जवळ पडेल तो सगळी घेणार. भिंतीला टेकून उभं राहिलं तर त्याच्यावर कुणीच नाही. आणि जिंकलं ते आपलं, परत द्यायचं नाही. माझ्या वडिलांच्या लेखी हा जुगार होता. रविवारी, त्यांच्याच चर्चच्या भिंतीवर, त्यांचा मुलगा. म्हणून आमचा एक नियम होता: मागच्या भिंतीशी झालेलं पुढच्या दारानं आत न्यायचं नाही. प्रत्येक मुलानं त्याची शपथ घेतली होती. मीच त्यांच्याकडून घेतली होती.

त्या दिवशी मी सगळी कार्डं हरलो. खिशात फक्त रेमर्ली उरला. वडिलांनी वाढदिवसाला पिट्सबर्गहून आणून दिलेला. माझ्या वडिलांनी मला नुसती गंमत म्हणून दिलेली ती एकच वस्तू. मी तो काढला तेव्हा लाईल म्हणाला, “हे नको लावूस. काका विचारतील.” मी त्याला भित्रा म्हणालो आणि फेकलं. कोपरा विटेच्या कडेवर बसला आणि कार्ड हातभर मागे उडालं. लाईलचं भिंतीला टेकून उभं राहिलं.

त्यानं रेमर्ली उचलला, झटकला आणि माझ्यापुढे धरला. घे म्हणाला. मी घेतला नाही. हरलो ते हरलो, असं ऐटीत म्हणालो.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, कार्ड कुठे आहे? मी म्हणालो, लाईलकडे. त्याच्याकडे कसं गेलं? माहीत नाही, म्हणालो. एवढंच. चोरलं हा शब्द मी उच्चारला नाही, आणि या एका गोष्टीचा आधार घेऊन मी आजवर जगलो. बाकीचं वडिलांनी केलं.

पुढच्या रविवारी तो समोर उभा होता तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत होतो. त्यानं फक्त एक वाक्य बोलायचं होतं, “आम्ही खेळत होतो.” मला पट्ट्याचा मार बसला असता, आठ दिवसांत वळ गेले असते. त्यानं शपथ पाळली आणि मला तेवढ्यापासून वाचवलं. मी त्याला खिळे मोजायला बसवलं. हार्डवेअरच्या दुकानाचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तुझ्या लग्नात मी पहिल्या बाकावर होतो. खिडकीतून तो दिसत होता.

मला स्वतःची फार लाज वाटते, व्हर्ना. आणि वर मीच त्याला माफ केल्याच्या ओळी पाठवल्या.

पुढची सभा कधी भरते ते कळव. पास्टर परवानगी देतील तर जिथे लाईल उभा होता तिथे उभा राहून मी हे पत्र वाचेन. त्या दिवसांतले कितीजण उरलेत कोण जाणे, पण त्यांची मुलं-नातवंडं असतील. कार्ड परत पाठवतो आहे. सोबत दुकानाच्या कागदावर पारखीचा दाखला आहे. आयुष्यात लिहिलेला पहिला पूर्ण खरा दाखला हाच असेल. लाईलला वाचून दाखव, त्याची इच्छा असेल तर.

ओरिन

(सोबतचा दाखला)
डच रेमर्ली, १९३४. तीन कोपरे उत्तम. खालचा डावा कोपरा विटेवर आपटून दबलेला. फेकणारा ओरिन हॅस्केट. मागे पेन्सिलीची अक्षरं आधीच्या मालकाची. सध्याचा मालक: लाईल हॅस्केट, ७ ऑक्टोबर १९३४ पासून. उघड खेळात, सरळ जिंकलेलं.

•

हॅरोज फोर्ड
२२ ऑक्टोबर १९९१

ओरिन,

‘प्रिय’ लिहायला अजून हात वळत नाही, तेव्हा आज नुसतं नाव.

पहिल्यांदा वाचल्यावर मी तुला जे म्हणाले ते टपालानं पाठवण्यासारखं नाही. चर्चच्या अंगणात मुरंब्यासाठी सफरचंदं उकळायची माझी पाळी होती. दिवसभर कढईतला मोठा लाकडी डाव फिरवत होते आणि दर फेरीला तुझं नाव घेत होते. बाया म्हणाल्या, व्हर्नाचा हात आज भारीच जोरात चालतोय.

संध्याकाळी दमले, तेव्हा दुसरी गोष्ट आठवली. तो समोर उभा होता, तेव्हा मी आईच्या पलीकडे सरकून बसले होते. आमच्या बाकावर त्याची जागा मोकळी होती आणि त्या रिकाम्या जागेशेजारी मला बसायचं नव्हतं. नऊ वर्षांची होते म्हण. पण आता सहासष्टची आहे, आणि गेल्या महिन्यात डब्यातलं कार्ड बघून पुन्हा तशीच सरकले. तो ‘भिंत’ म्हणत होता आणि मी पलंग हलवत होते. तेव्हा तुला एकट्याला झोडपायचा मला किती हक्क आहे, ते मी ठरवते आहे. थोडा आहेच.

दुसऱ्या दिवशी त्याला सगळं पत्र वाचून दाखवलं. मधे थांबले नाही. ‘त्यानं रेमर्ली उचलला, झटकला’ इथे त्यानं डोळे मिटले. दाखला मात्र मला तीनदा वाचायला लावला. ‘सरळ जिंकलेलं’ आलं की मान हलवायचा. मग कार्ड घेऊन त्या दबलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बसला. मी त्याची माफी मागितली. त्यानं माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला, जरा जास्तच जोरात, टपली मारल्यासारखा. पलंग पुन्हा भिंतीशी लावला आहे. दाखला समोर टाचणीनं लावला आहे. गार्थ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो वाचून दाखवतो, जसं काही त्यानंच लिहिलं आहे.

त्या कार्डासाठी कुणी तीन हजार दिले तरी आता ते विकायचं नाही, असं दिसतं. मी विचारलं, तर उत्तर ठणठणीत आलं.

पास्टरबाईंशी बोलले. ३ नोव्हेंबरच्या रविवारी, प्रवचनाआधी, तुला वेळ दिला आहे. हार्डवेअरच्या जुन्या मालकाचा मुलगा आता चर्चचा कारभारी आहे. त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं की त्या दिवशी उशिरा येऊ नकोस. मी पहिल्या बाकावर बसेन. सरकणार नाही.

लाईलला विचारलं, खुर्चीवरून आत नेऊ का, मधल्या वाटेनं, सगळ्यांसमोर? तेव्हाही ‘नाही’. मला वाईट वाटलं. मग त्यानं पाटी मागितली, नर्सबाईंची, आणि लिहायला बसला. तीन दिवस लागले. मी तेच खाली तसंच उतरवते आहे. एक शब्दही माझा नाही.

व्हर्ना

ओरिन
आत तू बोल
मी मागे आहे
भिंत अजून आहे
कार्डं आण